दौलतभाऊंची भिंत

देवळीत माझं नाव दोनच ठिकाणी लिहिलेलं होतं. एक शाळेच्या मस्टरवर आणि दुसरं दौलतभाऊंच्या गॅरेजच्या भिंतीवर. पहिलं फक्त हेडमास्तर वाचायचे, तेही मला उशीर झाला तर. दुसरं अख्खं गाव वाचायचं. गॅरेज एस.टी. स्टँडला लागून होतं, त्यामुळे अल्लीपूरचे, समुद्रपूरचे, कुठकुठले पाहुणे बसची वाट पाहता पाहता तिथं येऊन उभे राहत आणि माझ्या नावापाशी आले की हसत. बस कधी वेळेवर येत नसे, म्हणून वाचकांची कमतरता नव्हती.

भिंतीला ओळीनं खिळे ठोकलेले होते. प्रत्येक खिळ्याला एक मेलेला पार्ट टांगलेला आणि त्याखाली डब्याच्या पत्र्याची छोटी पाटी. पाटीवर पांढऱ्या रंगानं, बऱ्यापैकी वळणदार अक्षरात, गुन्हेगाराचं नाव आणि त्याचा गुन्हा. ‘पटवारी – ब्रेक ऑइलच्या जागी गोडं तेल.’ ‘डॉक्टर – हँडब्रेक ओढून वर्धेपर्यंत.’ ‘सरपंच – रेडिएटरचं झाकण हरवलं, वर कांदा बसवला.’ आणि मधल्या ओळीत, बरोबर माणसाच्या नजरेच्या उंचीवर: ‘कुबडे मास्तर (विज्ञान) – फिल्टर धुतला, नीळ दिली.’

मी तो कुबडे मास्तर. आता खरं काय ते सांगतो. स्कूटरचा एअर फिल्टर मळला होता, तो मी साबणाच्या पाण्यात टाकला. ती बादली पांढऱ्या कपड्यांची निघाली यात माझा काय दोष? नीळ बायकोनं दिली. वाळतही तिनंच घातला, दोन चिमटे लावून. पण दौलतभाऊंच्या कोर्टात अपील नव्हतं. बरं, नाव लिहिलं ते लिहिलं, कंसात ‘विज्ञान’ लिहायची काय गरज होती? आठवीची पोरं मला वर्गात तोंडावर विचारायची, सर, फिल्टरला नीळ किती द्यायची? ते एवढं तरी पुसा म्हणून मी दहा-अकरा वेळा गयावया केली, दौलतभाऊंच्या पाया पडायचाच बाकी होतो. ते एकच म्हणत.

“मास्तर, निकाल लागला न. आता काय.”

हे कोर्टाचं खूळ त्यांच्या डोक्यात कसं शिरलं तेही सांगतो. कधीकाळी एका ट्रकच्या अपघातात पंच म्हणून त्यांची सही घेतली होती आणि साक्षीला वर्धेच्या कोर्टात बोलावलं होतं. तीन तारखांना ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेले. तीनही वेळा त्यांना कुणी काही विचारलं नाही. ते नुसते बाकावर बसून ऐकत राहिले आणि ती सगळी भाषा घेऊन घरी आले. तेव्हापासून बिघाड म्हणजे आरोपी, गिऱ्हाईक म्हणजे फिर्यादी आणि गळणारं तेल म्हणजे साक्षीदार. गाडी आली की ते आधी हात पुसत आणि म्हणत, “पहिले सफाई, मंग सुनावणी.” बिघाड सापडला की गर्दीसमोर, खणखणीत आवाजात, चूक कुणाची ते नावानिशी सांगत. समोर आमदाराचा भाऊ उभा असला तरी आवाज खाली यायचा नाही. खोटं बोलायचा तर त्यांना जन्मात सराव नव्हता.

माणूस उंच, हाडकुळा. खाकी शर्टाची गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावलेली, मे महिन्यातसुद्धा. चष्मा सुतळीनं मानेला बांधलेला. गॅरेजच्या मागच्या खोलीत एकटेच राहत आणि स्वतःच्या हातानं रांधून खात. मी आर्वीहून बदली होऊन देवळीत आलो त्याच्या आधीच त्यांची बायको वारली होती. मूलबाळ नव्हतं. तरीही दर महिन्याला ते किराणा दुकानातून लहान मुलांच्या पावडरचा एक गुलाबी डबा आणत. किराणावाल्याच्या मनात त्यावरून बरंच काही येऊन गेलं होतं, आणि त्याच्या मनात आलेलं गावाच्या कानावर यायला वेळ लागत नसे.

भिंतीच्या अगदी वरच्या डाव्या कोपऱ्यात, छताजवळ, सगळ्यात जुना खिळा होता. त्याला एक पाना टांगलेला, पान्याला काळं पडलेलं सूत गुंडाळलेलं. पाटी गंजून गेली होती, त्यावर फक्त ‘सुमन’ एवढंच वाचता यायचं. मी नवीन असताना एकदा विचारलं, “ही सुमन कोण जी?”

“माही बायको.”

“त्यांनी काय केलं होतं?”

“पान्याले सूत बांधलं. पाना सटकला.”

एवढंच बोलून ते पुन्हा कार्बोरेटरमध्ये शिरले. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, की हा मनुष्य मेलेल्या बायकोलाही सोडत नाही. त्या दिवसापासून आमच्याकडून त्यांच्याकडे जाणारं लिंबाचं लोणचं बंद झालं. बरेच दिवस बंद होतं.

तर अशा या माणसाच्या गॅरेजसमोर एका रविवारी सकाळी गोवर्धनशेठची मोठी गाडी येऊन उभी राहिली. दोन हजार तीन-चारच्या सुमाराची गोष्ट. शेठजींची जिनिंग होती, कापसाचा मोठा व्यवहार होता, आणि त्यांनी नुकतीच परदेशी बनावटीची एक गाडी घेतली होती. काळी, उंच, आत शिरायला पायरी. देवळीत तिला नाव नव्हतं, नुसतं ‘गाडी’ म्हटलं की लोक समजत. दौलतभाऊ तिला हत्तीण म्हणायचे.

हत्तीण महिनाभरापासून तेल गाळत होती. शेठजींच्या पोर्चमध्ये नवी फरशी बसवलेली, त्यावर रोज सकाळी ताटलीएवढा काळा डाग. नागपूरच्या वर्कशॉपमध्ये दोनदा नेली. त्यांनी गाडीला कंप्युटर लावला, कंप्युटर म्हणाला गाडी ठणठणीत आहे. मग त्यांनी खालच्या तेलाच्या टाकीचे बोल्ट आवळून दिले. डाग तसाच. दुसऱ्या वेळी त्यांनी सांगितलं की इंजिनाचं मागचं सील गेलं असणार, अख्खं इंजिन खाली उतरवावं लागेल. शिवाय खालच्या पत्र्यावर एक खरचटा आहे, म्हणजे ड्रायव्हरनं गाडी कुठंतरी दगडावर आदळली असणार.

हे ‘असणार’ ज्याच्या गळ्यात पडलं तो ड्रायव्हर म्हणजे सुखदेव. माझ्या घरामागच्या दोन खोल्यांत तो राहायचा. बायको वंदना, दोन मुली, थोरली आमच्याच शाळेत पाचवीत. आठ वर्षं शेठजींकडे होता, आधी ट्रकवर, मग जीपवर, मग या हत्तिणीवर. शेठजींनी त्याला सरळ सांगून टाकलं होतं. सोमवारी गाडी नागपूरला जाईल. इंजिन खाली उतरलं आणि दगडाचा मार निघाला, की सुखदेवनं दुसरं काम पाहायचं. शनिवारी संध्याकाळी तो आमच्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, “सर, मी नाई जी आदळली. पण मार निंगालाच तर मी काय सांगू? ते कंप्युटरवाले हायेत.”

मग मी मध्ये पडलो. शेठजींकडे जाऊन म्हणालो, नागपूरला पाठवायच्या आधी एक दिवस दौलतभाऊंना पाहू द्या.

शेठजी हसले. “मास्तरजी, नागपूरवालों के पास कंप्युटर है. दौलतकडे काय आहे?”

“पावडर,” मी म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही.

शेठजींना त्याची गंमत वाटली असावी, कारण रविवारी ते स्वतःच गाडीत बसून आले. प्लॅस्टिकची खुर्ची मागवली आणि घड्याळ दिसेल असा हात मांडीवर ठेवून बसले. स्टँडवरची गर्दी गॅरेजकडे सरकली. अशी गाडी उघडलेली पाहायचा योग गावाला रोज येत नाही.

दौलतभाऊंनी आधी खालून ठिबकणारा एक थेंब बोटावर घेतला, अंगठ्यानं चोळला, वास घेतला. “गिअरचं नाई. इंजिनाचंच हाय.” मग म्हणाले, “पहिले सफाई, मंग सुनावणी.” आणि त्यांनी सुखदेवला हाताशी घेऊन ते इंजिन रॉकेलनं, ब्रशानं, हवेच्या पाइपानं वरून जिथं जिथं हात पोचला तिथून, आणि खालून पूर्ण, असं धुतलं की नवरीला कुणी घासत नसेल. दहा वाजले. मग त्यांनी तो गुलाबी डबा काढला, पावडर एका फडक्याच्या पुरचुंडीत भरली आणि इंजिनावर टिपू लागले. पुरचुंडी झटकायची, फुंकर मारायची. थोड्याच वेळात हत्तिणीचं सगळं पोट पांढरंफेक झालं. गॅरेजभर तान्ह्या बाळाचा वास सुटला.

शेठजी खुर्चीतून उठले. “दौलत, हे काय? नहला-धुला के पावडर? इसका बारसा है क्या?”

“शेठजी, पंच बसवून राह्यलो,” दौलतभाऊ मान वर न करता म्हणाले. “तेल कुठूनबी निंगो, पावडरवरून गेलं की काळी रेघ पडते. पंच खोटं बोलत नाई.”

किराणावाला गर्दीत होता. त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं.

गाडी जागेवरच अर्धा तास चालू ठेवली. पांढऱ्यावर एक ठिपका उमटला नाही. शेठजींनी घड्याळ पाहिलं. दौलतभाऊ म्हणाले, “साक्षीदार उभ्या गाडीत बोलत नाई. फिरवा लागते.” म्हणून मग आम्ही यवतमाळ रोडनं भिडीपर्यंत जाऊन आलो. पुढं सुखदेव आणि दौलतभाऊ, मागं शेठजी आणि मी. दौलतभाऊंच्या सीटवर आणि पायाखाली वर्तमानपत्र अंथरलेलं होतं. ते सगळा वेळ डोळे मिटून कान देऊन बसले होते. भिडी आल्यावर नाराज होऊन म्हणाले, “आवाजच नाई गाडीत. अबे, दुखून राह्यलं तर माणसानं कण्हाव तरी. हे काऊन कण्हत नाई?”

शेठजींनी ही स्तुती समजून मान डोलावली.

परत आल्यावर दौलतभाऊंनी मागच्या खोलीतून एक आरसा आणला. बायकांच्या फणेरपेटीत असतो तसा, पितळी काठाचा, तळहाताएवढा. तो घेऊन ते पोत्यावर पडून गाडीखाली सरकले. मला बॅटरी धरून शेजारी पडायला लावलं. मी शाळेची पँट घालून आलो होतो, पण त्याचा विचार कोण करतो. आरशात दिसलं, पांढऱ्यावर एक काळी रेघ. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जुळतात तिथून खाली उतरलेली.

“म्हणजे नागपूरवाले बरोबर,” मी म्हणालो. “मागचं सील.”

“तुमी विज्ञान शिकवता न?” ते म्हणाले. “तेल चढत नाई, मास्तर. उतरते. ही रेघ इथी संपून राह्यली, सुरू कुठी झाली ते पाहा. तेल खाली दिसलं म्हून सगळे खालीच झोपले. वर कोणी पाह्यलंच नाई.”

ते बाहेर निघाले, स्टुलावर चढले आणि आरसा इंजिनाच्या मागं घालून रेघ वर वर शोधत गेले. ती वरच्या काळ्या, चकचकीत प्लॅस्टिकच्या झाकणाखाली शिरत होती.

“हे टोपलं काऊन ठेवलं वरून?”

“वो शोभा का है,” शेठजी खुर्चीतून म्हणाले.

“शोभेखाली पाह्यलं का कोणी?”

कुणी पाहिलं नव्हतं. दौलतभाऊंनी ते झाकण उचललं. खाली तेलाचा एक ओला पट्टा होता आणि तो थेट तेल भरायच्या बुचापासून निघत होता. ते बूच शोभेच्या झाकणातून डोकं बाहेर काढून बसलेलं असतं, त्यामुळे वरून पाहणाऱ्याला कोरडंठाक दिसतं. दौलतभाऊंनी बूच फिरवून काढलं आणि उलटं केलं. मी बॅटरी धरून अगदी जवळ उभा होतो.

बुचाच्या मानेला, रबरी वायसरच्या वर, सूत गुंडाळलेलं होतं. कच्चं, हातानं वळलेलं सूत. सात वेढे, एकावर एक, इतके नीट की बाईच्या हाताशिवाय व्हायचे नाहीत. तेलानं काळे झालेले, पण गाठीपाशी अजून थोडी हळद दिसत होती. एक टोक दोन बोटं बाहेर लोंबत होतं आणि त्याच्या शेंड्यावर तेलाचा थेंब होता.

मी दर वर्षी आठवीला केशाकर्षण शिकवतो. कापसाची वात तेलात बुडवतो, टोक बाहेर सोडतो, तेल आपोआप वर चढून टपकतं. तोच प्रयोग इथं एवढ्या मोठ्या गाडीत महिनाभर चालू होता. सुतामुळं बूच नीट बसत नव्हतं आणि ते टोक वातीसारखं तेल ओढून बाहेर सोडत होतं. जन्मात पहिल्यांदा माझं विज्ञान भर चौकात उपयोगी पडणार होतं. तेल चढत नाही म्हणणाऱ्याला दाखवायला मी तोंड उघडलं.

माझ्या पायावर दौलतभाऊंचा पाय पडला. चुकून पडला असं मला वाटलं, पण तो उचलला गेला नाही.

बॉनेटच्या पलीकडे सुखदेव उभा होता. त्यानंही पाहिलं होतं. त्याच्या तोंडावरचा रंग पार उडाला. दौलतभाऊंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा हातातल्या सुताकडे. त्यांनी अंगठ्यानं गाठ सोडवली, सात वेढे सरकन काढले आणि मूठ मिटली. ती मूठ शर्टाच्या खिशात गेली आणि रिकामी बाहेर आली.

“मिला क्या?” शेठजी उठून येत होते.

“मिळाला. वायसर हाय.” दौलतभाऊंनी बुचाचं रबर काढून वर धरलं. “कडक झाला.”

“गलती किसकी?”

हाच तर निकालाचा क्षण असायचा. वर्धेची बस लागली होती आणि कंडक्टर घंटी वाजवत होता, तरी गर्दीतलं कुणी हललं नाही. सुखदेव खाली मान घालून उभा होता. दौलतभाऊंनी या प्रश्नाला आजवर कधी श्वास घेण्याएवढाही वेळ लावला नव्हता. आज त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला.

“उन्हाची,” ते म्हणाले.

“धूप की?”

“गाडी थंड्या देशातली. वायसरले वर्धेचं ऊन सोसलं नाई. खालचा खरचटा तर निस्ता ब्रेकरचा हाय, त्यानं काईच होत नाई. याच्यात ड्रायव्हरची गलती नाई, तुमची नाई, नागपूरवाल्यायचीबी नाई. उन्हाची हाय.”

शेठजींनी विचार केला आणि त्यांचा चेहरा हळूहळू खुलला. आपलं ऊन सोसणार नाही इतकी नाजूक गाडी आपल्याकडे आहे, ही गोष्ट त्यांना आवडली. पुढं कित्येक वर्षं ते ती पाहुण्यांना सांगत. रबर हातात घेऊन पाहावं म्हणून त्यांनी हात पुढं केला, पण दौलतभाऊ तोवर कपाटाकडे वळले होते. कपाटाआड काय झालं ते फक्त मी पाहिलं. त्यांनी तोच वायसर रॉकेलमध्ये बुडवला, फडक्यानं पुसला आणि परत बुचाला लावला. चांगला मऊ, धडधाकट होता. शेठजींना दाखवायला त्यांनी कुठल्याशा ट्रॅक्टरचा एक वाळका वायसर आणला, तो बोटांत मोडून दाखवला. शेठजी म्हणाले, “बापरे.”

पुन्हा पावडर, पुन्हा भिडी. पांढरं ते पांढरंच राहिलं. सोमवारची नागपूरची फेरी रद्द झाली.

“कितना हुआ, दौलत?”

“पावडरचा डबा संपला. तेवढा आणून द्या.”

शेठजी सुखदेवला म्हणाले, “चल, गाडी निकाल. पोर्चमध्ये दुपारी ऊन येतं, मागं सावलीत लाव. धूप बर्दाश्त नहीं होती उसको.” दुसऱ्या दिवशी त्यांनी दौलतभाऊंना पावडरच्या बारा डब्यांचं खोकं पाठवलं. ते किराणावाल्याकडूनच गेलं, त्यामुळे त्याचा पुन्हा सगळा गोंधळ झाला.

दुपारी सुखदेव घरी येऊन वंदनाशी बोलला आणि सरळ माझ्याकडे आला. सगळं त्यानंच सांगितलं. वटपौर्णिमेच्या दिवशी तो गाडी घेऊन जेवायला घरी आला होता. शेठजींचा तर दम होता की गाडी घरी न्यायची नाही. काच धुवायच्या पाण्यासाठी त्यानं बॉनेट उघडून ठेवलं होतं. वंदना वडाची पूजा करून, उरलेलं सूत हातात घेऊन आली आणि तिनं विचारलं, गाडीचा जीव कुठी असते? त्यानं थट्टेत बूच दाखवलं, म्हणाला इथून तिले तेल पाजतात, इथंच असंल. आणि तो हात धुवायला गेला. तेवढ्यात तिनं बूच फिरवलं, सात वेढे बांधले आणि परत घट्ट लावलं. “सर, मी अर्ध्या राती नागपूरहून येतो, ट्रका कशा चालतात तुमाले माईत हाय. तिले वाटलं गाडीचा जीव बांधला की माहाबी बांधला.” त्याला हसू येत होतं आणि डोळेही भरले होते. “दौलतभाऊले कसं समजलं जी, की बोलाचं नाई?”

मलाही तेच विचारायचं होतं. उन्हं कलल्यावर मी गॅरेजकडे गेलो. भिंतीवर नवी पाटी लागली होती, रंग अजून ओला. ‘ऊन (वर्धा जिल्हा) – वायसर कडक केला.’ खाली ट्रॅक्टरच्या वायसरचे दोन तुकडे. दौलतभाऊ स्टोव्हवर चहा ठेवून बसले होते. सूत त्यांनी आधी रॉकेलनं आणि मग साबणानं धुतलं होतं आणि खुर्चीच्या पाठीवर वाळत घातलं होतं.

“हे सुखदेवच्या बायकोले देजो,” ते म्हणाले. “म्हणा, गाडीतल्या आरशाच्या दांडीले बांध. इंजिनात नोको.”

“दौलतभाऊ,” मी म्हणालो, “तुम्ही कोर्टात खोटी साक्ष दिली.”

ते चहा ढवळत राहिले.

“बरं, सुखदेवची नोकरी वाचली, चांगलं झालं. पण कुणाचीच चूक तुम्ही झाकत नाही. माझी झाकली नाही.”

“बाईनं नवऱ्याचा जीव बांधला तो, मास्तर. त्याले गुन्हा कसा लिवू?”

माझी जीभ जरा तिखट आहे. मी म्हणालो, “सुमनवहिनींचा तर लिहिला.”

म्हटलं आणि लगेच वाईट वाटलं. त्यांनी स्टोव्ह बंद केला. वर कोपऱ्यातल्या पान्याकडे पाहत ते बसले, आणि मग ज्या आवाजात बोलले तो त्यांचा कोर्टातला आवाज नव्हता.

“तेबी वटपौर्णिमाच होती. उरलं सूत घेऊन आली न माह्या पान्याले गुंडाळून देलं. म्हणे तुमचा जीव याच्यातच असते. मी नट आवळाले गेलो, सुतानं पाना सटकला, अंगठा फुटला. मले आला राग. रंगाचा डबा बाजूलेच होता. लिवलं तिचं नाव न टांगला पाना. ती हासली. म्हणे, बरं झालं, दुकानावर माहं नाव तरी लागलं. दुसऱ्या साली तिले कावीळ झाली. दवाखान्यात नेलं. वापस नाई आली. सूत माह्यासाठी बांधलं होतं न, ते कामी आलं. मी हाय न बसलो इथी.”

“मग पाटी उतरवली का नाही?”

“गेलतो ना उतरवाले. पकड लावली खिळ्याले. मंग वाटलं, रेशन कार्डावरून तिचं नाव काटलं, मतदार यादीतून काटलं. आता हेबी उतरवलं तर कुठीच नाई ऱ्हात. ठेवलं मंग. पण लोकं येत, वाचत, विचारत. तिचं एकटीचं नाव टांगलेलं बरं दिसे ना, मास्तर. जसं काय साऱ्या गावात तिनंच एकटीनं चूक केली. म्हून पटवाऱ्याचं लिवलं. मंग डॉक्टरचं. मंग ज्याचं सापडलं त्याचं.”

मी भिंतीकडे पाहिलं. इतकी वर्षं मी तिच्याकडे रागानं पाहत आलो होतो. पटवारी, डॉक्टर, सरपंच, कांदा, नीळ. सगळी वरच्या कोपऱ्यापासून सुरू होऊन खाली खाली पसरत आलेली. मला फार लाज वाटली, आणि लोणच्याचीही आठवण झाली.

दौलतभाऊ उठले. त्यांनी वाटेतलं स्टूल बाजूला ओढलं, डब्यातून पकड काढली.

“तुमी आज गप ऱ्हायले,” ते म्हणाले. “पाय द्यावा लागला, पण ऱ्हायले. तुमचं उतरवून टाकतो.”

ज्यासाठी मी इतकी वर्षं विनवण्या केल्या ते असं न मागता पुढं आलं होतं. त्यांनी माझ्या खिळ्याला पकड लावलीसुद्धा.

“राहू द्या, दौलतभाऊ,” मी म्हणालो. “असू द्या तिथंच.”

त्यांनी वळून पाहिलं. “निस्तं विज्ञान पुसू का?”

“तेही असू द्या.”

त्यांनी पकड परत डब्यात टाकली आणि शर्टाच्या बाहीनं माझ्या पाटीवरची धूळ पुसली. स्टूल हाताशी होतंच, म्हणून मग त्यावर चढून त्यांनी वरच्या कोपऱ्यातलीही पुसली.